दुसऱ्या ट्रॅकसाठी जागा: एका टेक्नो ट्रॅकच्या मांडणीच्या नोंदी

३ जुलै

लूप पक्का झाला. म्हणजे परत परत फिरणारा आठ बारचा तुकडा, एका बारमध्ये चार ठोके. ९०९ या ड्रम मशीनच्या जातीची किक (पायाचा जड ढोल), ऑफ-बीटवर, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधोमध, उघडी हॅट (झांज), खाली रंबल, म्हणजे घुमणारा बेस, आणि वर एफ मायनरमधला दोन सुरांचा छोटा स्टॅब, म्हणजे तुटक सुरांचा फटका. सलग वाजत ठेवला, मध्ये चहा केला, एक-दोन फोन झाले, परत येऊन बसलो तरी तो बंद करावासा वाटला नाही. टेक्नोच्या लूपची मी हीच परीक्षा मानतो.

आता लूपचा ट्रॅक करायचा आणि तो डीजेच्या हाती द्यायचा. या नोंदी त्या मांडणीपुरत्याच आहेत, आवाज कसे बनवले त्याबद्दल इथे फार लिहिणार नाही.

टेक्नोचा ट्रॅक क्लबमध्ये एकटा वाजत नाही. तो सुरू होतो तेव्हा आधीचा ट्रॅक वाजत असतो, आणि तो संपायच्या आत पुढचा सुरू झालेला असतो. सहा मिनिटांतली अडीच-तीन मिनिटं तो कुणा दुसऱ्याच्या संगीताबरोबर काढतो. ते संगीत कुठल्या स्वरात असेल, त्यात बेस किती असेल, यातलं काही माझ्या हातात नाही. माझ्या हातात एवढंच आहे की त्याला जागा किती आणि कुठे सोडायची. या वेळी मांडणीचा प्रत्येक निर्णय मला याच प्रश्नावर घासून घ्यायचा आहे.

टेम्पो १३२ ठेवला. बऱ्याच प्लेअरवर टेम्पोच्या पट्टीची रेंज ±६ टक्के ठेवता येते, आणि तिथे पट्टी सगळ्यात बारीक सरकते म्हणून बरेच डीजे तीच ठेवतात. १३२ ला त्या रेंजमध्ये साधारण १२४ ते १४० मिळतात. म्हणजे संध्याकाळच्या हळू सेटमध्येही ट्रॅक बसेल आणि रात्रीच्या वेगातही. फार ताणला तर मास्टर टेम्पो (वेग बदलला तरी स्वर न बदलू देणारी सोय) लावलेला असताना किकची धार बोथट होते, ती वेळ येऊ नये.

हिशेब लिहून ठेवतो, पुढे सारखा लागेल: १३२ ला एक बार १.८२ सेकंदांचा, १६ बार २९ सेकंद, ३२ बार ५८ सेकंद.

५ जुलै

आज काही रचलं नाही. आवडीचे जुने-नवे ट्रॅक एबलटन या संगीताच्या सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर ओढले, ग्रिडला बसवले आणि जिथे काही येतं किंवा जातं तिथे लोकेटर, म्हणजे खुणा, लावत गेलो. बदल जवळजवळ सगळीकडे आठ-सोळाच्या रेषेवर पडतात, मोठा बदल बत्तिसाव्या बारनंतर. ठाऊक असलेली गोष्ट, पण लोकेटर रांगेत उभे दिसले की तिचं बळ जास्त कळतं.

हा शिस्तीचा साचा कुठून आला? काही अंशी यंत्रातून, कारण रोलंडनं १९८३ साली आणलेलं टीआर-९०९ मुळातच १६ स्टेपचं, म्हणजे एका बारचे सोळा भाग पाडणारं. काही अंशी टर्नटेबलातून. टेक्निक्सचं एसएल-१२०० एमके२ १९७९ मध्ये आलं, त्याची पिचची पट्टी ±८ टक्के. त्यावर काम करणाऱ्या डेट्रॉइटच्या आणि पुढे बर्लिनच्या डीजेंसमोर स्क्रीन नव्हता. कानानं मोजायचं, नाहीतर दिव्याच्या उजेडात तबकडी तिरकी धरून खाचा बघायच्या. जिथे आवाज भरगच्च असतो तिथे तबकडी फिकट दिसते, ब्रेकडाउनचा, म्हणजे किक थांबते त्या भागाचा, पट्टा काळसर दिसतो. आजच्या प्लेअरवरचा वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, तेच काम रंगात करतो. दोन्ही ठिकाणी डीजेला एकच हवं असतं, पुढचा बदल कधी येणार याचा भरवसा.

या सगळ्यात मला सर्वात सुंदर वाटते ती बंद खाच, म्हणजे लॉक्ड ग्रूव्ह. सुई एका वर्तुळात अडकते आणि तोच तुकडा कोणीतरी उचलेपर्यंत फिरत राहतो. डेट्रॉइटच्या जेफ मिल्सनं १९९४ मध्ये एका तबकडीच्या अख्ख्या बाजूवर अशा खाचा दिल्या होत्या. आता गणित बघा. तबकडी मिनिटाला ३३⅓ वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद. त्या फेरीत चार ठोके बसवले तर टेम्पो येतो १३३⅓. पिच एक टक्का खाली घेतला की बरोबर १३२. टर्नटेबलाचा वेग आणि टेक्नोचा वेग इतके जवळ असावेत याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

त्या खाचेला सुरुवात नाही, शेवट नाही, उत्कंठा नाही. ती निव्वळ डीजेसाठी आहे, तिचं काय करायचं ते तो ठरवणार. माझ्या ट्रॅकला सुरुवात-शेवट असणार, पण त्याच्या दोन्ही टोकांना या खाचेचा गुण हवा.

८ जुलै

आराखडा घातला. एकूण २०८ बार, ६ मिनिटं १८ सेकंद.

बार १ पासून किक आणि बंद हॅट, सोबत स्टॅबचाच एक गाळलेला, जवळजवळ नुसत्या खरखरीसारखा अवशेष. १७ ला उघडी हॅट आणि पर्कशन. ३३ ला रंबल येतो, म्हणजे सुरुवातीचं जवळपास मिनिटभर खाली काही नाही. ३३ ते ६४ मध्ये स्टॅबचा फिल्टर हळूहळू उघडतो, ६५ ला तो पूर्ण दिसतो. ९७ ते ११२ ब्रेकडाउन. ११३ ते १६० सगळं एकत्र, ट्रॅकचा कळस. १६१ ला स्टॅब निघून जातो. १९३ ला रंबल जातो आणि शेवटचे १६ बार परत नुसत्या ढोल-ताशाची वरात म्हणावी तसे: किक आणि हॅट.

मधला ४८ बारचा भाग कुणाला विचित्र वाटेल, ३२ किंवा ६४ का नाही म्हणून. त्याचं कारण १८ तारखेच्या आसपास लिहीन, ते स्टॅबमध्ये आहे.

आराखडा कागदावर तपासायची माझी रीत अशी: ट्रॅक स्वतःवरच मिसळून बघायचा. समजा हाच ट्रॅक दोन्ही डेकवर (प्लेअरवर) आहे. पहिल्याचा १६१ वा बार सुरू होताना दुसरा बार १ पासून सोडला. पहिल्यातून स्टॅब नुकताच गेलाय, दुसऱ्यात अजून आलेला नाही, म्हणजे सुरांची टक्कर नाही. पुढे ३२ बारांनी पहिला १९३ ला पोचतो आणि त्याचा रंबल थांबतो. त्याच क्षणी दुसरा ३३ ला पोचतो आणि त्याचा रंबल सुरू होतो. डीजेनं एकही बटण फिरवलं नाही तरी बेसची अदलाबदल आपोआप होते. मग आणखी १६ बार पहिल्याचे ड्रम दुसऱ्याला वर आधार देत राहतात आणि संपतात. एकूण ४८ बार, साधारण दीड मिनिट दोघे बरोबर.

प्रत्यक्षात कुणी एकाच ट्रॅकवर तोच ट्रॅक लावत नाही. पण १६-३२ च्या रेषेवर बांधलेला दुसरा कुठलाही ट्रॅक आला तर हाच हिशेब लागू पडतो.

११ जुलै

मैत्रिणीकडे गेलो. ती कित्येक वर्षं डीजे आहे, पुण्या-मुंबईत आणि सीझनला गोव्यात वाजवते. घरी दोन प्लेअर आणि मिक्सर आहे. कच्ची फाइल पेनड्राइव्हवर दिली आणि मी काही न बोलता तिचे हात बघत बसलो. मांडणी शिकायची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

तिनं पहिल्यांदा हेडफोनवर ट्रॅक लावला, मग स्क्रीनवर वेव्हफॉर्म पूर्ण लांबीचा एकदा नजरेखालून घातला. ब्रेकडाउनची दरी दिसली, तिथे एक हॉट क्यू, म्हणजे एका बटणावर त्या जागी उडी मारायची खूण. ३३ ला बेसचा निळा पट्टा जाडावतो, तिथे दुसरा. बारवर ट्रॅक सोडला तेव्हा डावा हात लो-ईक्यूवर, म्हणजे खालचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणावर, होता आणि ते बटण आधीच पूर्ण खाली होतं. म्हणजे माझ्या किकचा खालचा भाग लोकांना पहिलं मिनिटभर ऐकूच येणार नाही. ऐकू येणार ती फक्त टकटक.

"अरे, इंट्रोत तो खरखरता आवाज ठेवलायस ना, तो राहू दे," ती म्हणाली. "नुसत्या किक-हॅटनं सुरू होणाऱ्या फाइली माझ्याकडे ढिगानं आहेत. अंधारात कुठला ट्रॅक कुठला कळत नाही. याची ओळख पहिल्या चार बारांत पटते."

हे मला फार मोलाचं वाटलं. विनाइलच्या काळात लांब, कोरी इंट्रो गरजेची होती, कारण जुळवायला वेळ लागायचा आणि लांबवायला दुसरा उपाय नव्हता. आता कुठलेही चार बार एका बटणावर लूप होतात. कमी पडली तर डीजे स्वतः लांबी तयार करतो. त्यामुळे इंट्रोची लांबी आता दुय्यम आहे आणि तिच्यात ओळखता येण्यासारखं, पण सुरात न भांडणारं काहीतरी असणं महत्त्वाचं आहे. खरखर तशी आहे. तिला ठाशीव स्वर नाही, पण चेहरा आहे.

दुसरी गोष्ट: मी प्रत्येक १६ बारांच्या सुरुवातीला क्रॅश, म्हणजे मोठ्या झांजेचा फटका, टाकला होता. तो वाजला की दर वेळी तिची मान किंचित हलायची. विचारलं तर म्हणाली, "माझा आधीचा ट्रॅक रंगात आलेला असतो आणि तुझा क्रॅश मध्येच येऊन सांगतो की मी आलो. तू आलास हे मला सांगू दे ना लोकांना." क्रॅश पहिल्या ६४ बारांतून आणि शेवटच्या ४८ मधून काढले.

मग बदलाची खूण कशी द्यायची? नेहमीची युक्ती म्हणजे १६ व्या बारचा शेवटचा ठोका किकशिवाय सोडणं. ट्रॅक एकटा असेल तर ती छान काम करते. दोन ट्रॅक बरोबर असतील तेव्हा दुसऱ्याची किक चालूच असते, त्यामुळे ती मोकळी जागा कुणाला जाणवत नाही. आणि डीजेनं लो बदललेला असेल तर उलट अनपेक्षित ठिकाणी भोक पडतं. म्हणून मिसळण्याच्या टापूत खूण वरच्या पट्टीत द्यायची: सोळाव्या बारमध्ये हॅटचा एक जास्तीचा दुहेरी फटका, बस. डीजेला हेडफोनवर तो पुरतो, नाचणाऱ्याला तो नुसता ताल वाटतो. किक काढायची ती मधल्या भागात, जिथे ट्रॅक एकटा राज्य करतो.

१४ जुलै

आजचा दिवस खालच्या पट्टीचा.

मिक्सरचा लो फिरवला की किक आणि बेस एकत्रच जातात. निर्मात्याला दोन वेगळे चॅनल दिसतात, डीजेला एकच बटण. यातून दोन कामं निघाली. एक म्हणजे लो पूर्ण कापलेला असतानाही ट्रॅक चालता राहायला हवा. किकमध्ये ३ किलोहर्ट्झच्या आसपास थोडी टोकदार टिक वाढवली. आता खालचं सगळं काढलं तरी चार ठोके मोजता येतात, आणि डीजेला जुळवताना त्या टिकेवरच कान ठेवता येतो. हॅट आणि पर्कशन यांचा स्विंगही नुसता ऐकून बघितला, किकच्या आधाराशिवाय. उभा राहतो.

दुसरं काम रंबलचं. किक लांब रिव्हर्बमध्ये, म्हणजे घुमाऱ्यात, पाठवायची, त्या शेपटीचा वरचा भाग कापायचा, आणि किक येईल तेव्हा तिला साइडचेननं (किक वाजताच दुसरा आवाज आपोआप उतरवणाऱ्या सोयीनं) खाली दाबायचं, असा हा सरळ रंबल. त्याचा जोर एफवर आहे, ४३.६५ हर्ट्झवर. समजा डीजेच्या दुसऱ्या ट्रॅकचा बेस जीवर आहे, ४९ हर्ट्झवर. दोन्ही एकदम वाजले तर दोघांतल्या फरकाइतके, म्हणजे सेकंदाला पाचेक हेलकावे तयार होतात. मोठ्या सबवर (खालच्या आवाजाच्या स्पीकरवर) ते छातीत जाणवतात, संगीत म्हणून नाही, डळमळ म्हणून. म्हणून इंट्रोत रंबलचा मागमूसही ठेवायचा नाही, आउट्रोत, म्हणजे शेवटच्या भागात, त्याची शेपूटही १९३ नंतर उरू द्यायची नाही. शेपूट ऑटोमेशननं (आधी आखून ठेवलेल्या आवाजाच्या बदलानं) १९२ व्या बारच्या शेवटी तोडली. ऐकताना तुटल्यासारखं वाटत नाही, कारण तिथेच हॅटचा दुहेरी फटका आहे.

१२० हर्ट्झच्या खाली सगळं मोनो. तबकडी कापायची तर ते भागच असतं, कारण खालचा आवाज डाव्या-उजव्यात फार वेगळा असला तर सुई उडते. हा ट्रॅक तबकडीवर जाईल की नाही ठरलेलं नाही, पण क्लबमधले सब बहुतेक ठिकाणी मोनोच असतात, तेव्हा नियम तसाच ठेवला.

स्टॅबबद्दलही याच अंगानं विचार झाला. त्यात तीन-चार सुरांची कॉर्ड घालायचा मोह होता, एकटा ऐकताना ती श्रीमंत वाटत होती. पण जितके सूर जास्त तितके दुसऱ्या ट्रॅकशी बिनसण्याचे प्रसंग जास्त. एफ आणि सी, एवढे दोनच ठेवले. यात मायनर-मेजरचा निकालच लागत नाही, त्यामुळे मैत्रिणीला तो बऱ्याच ट्रॅकांवर खपवता आला.

१५ जुलै

बंद हॅटचा एक पर्याय बदलला. बाकी काही नाही.

१८ जुलै

स्टॅबचा पॅटर्न आणि ते ४८ बार.

स्टॅब १६ स्टेपचा नाही, १२ चा आहे. म्हणजे तो तीन ठोक्यांत एक फेरी पूर्ण करतो आणि किक चारात. दोघे परत एका जागी यायला बारा ठोके, म्हणजे तीन बार लागतात. मधल्या काळात स्टॅब प्रत्येक बारमध्ये वेगळ्या जागी पडतो. लूप मला कंटाळवाणा न वाटण्याचं खरं कारण हेच होतं: दोन सुरांचा तोच तुकडा, पण कान त्याला एका जागी पकडू शकत नाही.

अडचण अशी की १६ ला तीननं भाग जात नाही, ३२ लाही नाही, ६४ लाही नाही. पॅटर्न मोकळा सोडला तर मोठ्या बदलाच्या रेषेवर तो अर्ध्यात असतो. बरेच जण दर १६ बारांनी तो नव्यानं सुरू करतात. ऐकताना तिथे एक उचकी जाणवते, तीही मुद्दाम वापरता येते. मला ती नको होती. ४८ ही अशी संख्या आहे की तिला १६ नंही भाग जातो आणि ३ नंही. ११३ ला स्टॅब किकबरोबर सुटतो, अठ्ठेचाळीस बार स्वतःच्या मर्जीनं फिरतो, आणि १६१ ला नेमका पहिल्या ठोक्यावर येऊन संपतो. तबलजी लांबलचक तिहाई घेऊन समेवर यावा तसा. डीजेनं पुढचा ट्रॅक १६१ ला सोडला असेल तर त्या ट्रॅकची पहिली किक त्या समेवर पडते. हे जमलं तेव्हा खोलीत एकटाच असूनही मी मोठ्यानं वा म्हटलं.

ब्रेकडाउनही आज लावला. १६ बार, २९ सेकंद, त्याहून जास्त नाही. किक आणि रंबल जातात, स्टॅब लांब रिव्हर्बमध्ये विरघळतो. पण बंद हॅट अगदी हळू आवाजात टिकटिकत ठेवली आहे. काही डीजेंना ब्रेकडाउनमध्येच पुढचा ट्रॅक आणायला आवडतं, कारण तिथे मोकळी जागा भरपूर असते. किक गेल्यावर काळ मोजायला काहीच उरलं नाही तर हेडफोनवर त्यांना जुळवणी सांभाळता येत नाही. किक काढावी, काळ काढू नये.

शेवटच्या चार बारांत हॅट मोठी होते, आणि ११३ ला सगळं परत. दोन ठोके जास्त थांबवून लोकांना चकवायची पद्धत आहे, तिच्यानं गर्दी ओरडतेही. पण त्यानंतरचा अख्खा ट्रॅक दोन ठोक्यांनी सरकतो. डीजेनं दुसऱ्या डेकवर काही लूप करून ठेवलं असेल तर त्याचा बार १ आणि माझा बार १ जन्मात जुळत नाहीत. मी ते करत नाही.

२० जुलै

नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झालाय. संध्याकाळी सहानंतर खिडकी बंद करूनही ढोल खोलीत येतात, त्यामुळे खालच्या पट्टीचं काही ठरवायचं असेल तर सकाळीच बसायचं. आज ताशा ऐकत बसलो थोडा वेळ. ढोल एकसारखे, आणि चाल बदलायची खूण ताशाच्या एका छोट्या तुकड्यानं दिली की पन्नास जण एकदम वळतात. ११ तारखेला हॅटच्या दुहेरी फटक्याबद्दल जे लिहिलं त्याला आणखी पुष्टी मिळाली.

२२ जुलै

ऑटोमेशन. ट्रॅकचे दोन प्रकारचे टापू केले: चल आणि अचल.

बार १ ते ३२ आणि १६१ ते २०८ अचल. तिथे एकही फिल्टर सरकत नाही, रिव्हर्ब वाढत नाही, आवाज चढत-उतरत नाही. कारण साधं आहे. डीजेला वेळ हवा असेल तर तो याच भागांत चार बारांचा लूप लावणार. फिल्टर हळूहळू उघडत असेल तर लूप परत फिरताना तो झटक्यात मागे जातो, आणि दर सात सेकंदांनी तो झटका सगळ्या हॉलला ऐकू येतो. अचल भागात कुठलेही चार बार उचला, शिवण दिसत नाही. रोज वेगवेगळ्या जागी लूप लावून तपासतोय. बार ३१-३४ असा रेषा ओलांडणारा लूप तेवढा नाही चालत, तो कुणी लावूही नये.

चल भागात मात्र हात मोकळा सोडला आहे. ३३ ते ६४ मध्ये स्टॅबचा फिल्टर अख्खे ५८ सेकंद घेऊन उघडतो. इतक्या संथपणे की कुठल्याही एका बारमध्ये काही बदललं असं सांगता येत नाही, पण ६५ ला पोचल्यावर खोलीच वेगळी झालेली असते. टेक्नोतला हा संथपणा मला सगळ्यात प्रिय आहे. बेसिक चॅनलच्या नावानं मोरित्झ फॉन ऑस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टस यांनी १९९३ पासून बर्लिनमध्ये जे केलं, त्यात एका कॉर्डच्या उघडमिटीवर दहा-दहा मिनिटं उभी राहतात.

टाळ्या पहिल्या आणि शेवटच्या १६ बारांतून काढल्या. दोन ट्रॅकच्या टाळ्या दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर काही मिलिसेकंदांच्या अंतरानं पडल्या की दुहेरी, फाटका आवाज येतो. किकचं अंतर डीजे लगेच सुधारतो. टाळीचं अंतर लोकांना आधी ऐकू येतं.

२६ जुलै

परत मैत्रिणीकडे. या वेळी तिला सांगितलं की आधी-नंतर काय लावायचं ते तूच ठरव, मी यादी बघणार नाही.

३३ ची बेस-अदलाबदल तिनं हातानं केली नाही. दोन्ही हात वर घेऊन मला दाखवलं की बघ, काही करत नाहीये. मग तिनं उलटही करून बघितलं: आधीचा ट्रॅक १३८ च्या वेगाचा, माझा त्याच्यापर्यंत ओढला, साडेचार टक्के. किक टिकली.

तिच्याशी बोलताना एक वेगळी गरज समोर आली. आपल्याकडे उघड्यावरचे कार्यक्रम दुपारी चार-पाचला सुरू होतात, कारण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. सण-उत्सवांसाठी वर्षातून काही मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, बाकी नाही. त्यामुळे सुरुवातीचा सेट लख्ख उन्हात, लोक येत असताना, निम्मे जण अजून खाण्याच्या स्टॉलपाशी असताना वाजतो. "तेव्हा मला ब्रेकडाउन नको असतो," ती म्हणाली. "कुणी नाचतच नसतं, मग थांबून कुणाला वाट बघायला लावू?"

म्हणून ईपीवर (मोजक्या ट्रॅकच्या छोट्या रेकॉर्डवर) याच ट्रॅकची दुसरी आवृत्ती द्यायची ठरवली, टूल म्हणून, म्हणजे डीजेच्या हातचं साधन. ब्रेकडाउन पूर्ण काढलेला, म्हणजे १९२ बार, ५ मिनिटं ४९ सेकंद. स्टॅब कधीच पूर्ण उघडत नाही, खरखर आणि सूर यांच्या सीमेवर राहतो. मूळ आवृत्तीच्या आधी तासभर हे टूल वाजलं, तर नंतर मूळ ट्रॅकचा स्टॅब उघडताना लोकांना तो ओळखीचा वाटेल. एकाच डीजेनं दोन्ही वाजवले तर सेटच्या दोन टोकांना एक धागा मिळतो. ही शक्यता मला मूळ ट्रॅकइतकीच आवडली आहे.

२९ जुलै

स्टेमबद्दल, म्हणजे ट्रॅकच्या सुट्या केलेल्या भागांबद्दल, एका मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं असं की आता सॉफ्टवेअर चालू ट्रॅकमधून ड्रम, बेस, सूर वेगळे करून देतं, सेरातो या डीजे सॉफ्टवेअरमध्ये २०२२ पासून ते आहे, मग एवढी जागा सोडायची गरज काय? डीजे स्वतः सोडवून घेईल.

मला ते पटत नाही. वेगळा काढलेला बेस हेडफोनवर बरा वाटतो, पण मोठ्या सिस्टिमवर किकच्या पायाशी चिखल झालेला ऐकू येतो, निदान आज तरी. आणि त्याहून मोठी गोष्ट, सेट दोन-तीन तासांचा असतो, गर्दीकडे बघायचं असतं. प्रत्येक ट्रॅकची चिरफाड करत बसायला डीजेला लावणं हे निर्मात्याचं काम त्याच्या गळ्यात टाकणं झालं. मांडणीत जागा असेल तर स्टेमचा वापर हौसेनं होईल, गरजेनं नाही.

१ ऑगस्ट

मास्टर, म्हणजे तयार ट्रॅकवरचा शेवटचा हात. एका गोष्टीवर सगळ्यात जास्त वेळ गेला: बार १ मधली किक आणि बार ११३ मधली किक सारख्याच जोराची असली पाहिजे. डीजे आवाजाची पातळी हेडफोनवर इंट्रो ऐकून, मिक्सरच्या मीटरवर बघून लावतो. इंट्रोत किक एकटी असते म्हणून लिमिटर, म्हणजे आवाजाला कमाल मर्यादा घालणारं साधन, तिला हात लावत नाही. पुढे रंबल, हॅट, स्टॅब सगळे आले की लिमिटर दाबायला लागतो आणि पहिली मार किकला बसते. परिणाम असा की कळसाच्या जागी ट्रॅक लहान होतो आणि डीजेला ट्रिम (मिक्सरवरची त्या ट्रॅकची पातळी) परत वाढवावा लागतो. लिमिटरवरचा भार कमी केला, त्याऐवजी रंबलला किकखाली आणखी दाबलं आणि हॅटची वरची धार एक डेसिबलनं उतरवली. एकूण जोर उणे आठ लफ्सच्या (जाणवणाऱ्या जोराच्या मापाच्या) आसपास राहिला. याहून जोरात वाजणारे मास्टर भरपूर आहेत. मिक्सरवर ट्रिम असतो, किकचा गेलेला ठोका परत आणणारं बटण नसतं.

स्ट्रीमिंगवाले आवाज साधारण उणे चौदावर आणून ठेवतात, म्हणून तिथे या भांडणाला अर्थही नाही. तिथे तीन मिनिटांची छाटलेली आवृत्ती द्यावी असं सुचवलं गेलं. पूर्णच देणार आहे. घरी ऐकणाऱ्यालाही तो ५८ सेकंदांचा फिल्टर त्याच्या पूर्ण लांबीत मिळाला पाहिजे.

२ ऑगस्ट

फाइली बाहेर काढल्या. एआयएफएफ, ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट. ९६ किलोहर्ट्झ किंवा फ्लॅक जुन्या प्लेअरवर चालत नाही, आणि लहान क्लबांत अजून तेच आहेत. वेव्हपेक्षा एआयएफएफ अशासाठी की त्यात नाव, टेम्पो, की हे टॅग नीट टिकतात. फाइलची सुरुवात थेट पहिल्या किकच्या टोकावर, आधी शांतता नाही, उलटा रिव्हर्ब नाही, त्यामुळे रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरची ठोक्यांची ग्रिड पहिल्याच वेळी १३२.०० वर बरोबर बसली. शेवटी शेपूट पूर्ण विरेपर्यंत ठेवली आहे. टॅगमध्ये की एफ मायनर आणि कॅमेलॉटची, म्हणजे स्वरांना आकडे देणाऱ्या पद्धतीची, ४ए दोन्ही लिहिले, कारण काही जण एक वाचतात, काही दुसरी.

मूळ आणि टूल, दोन्ही लेबलला आणि मैत्रिणीला पाठवले. तिचा पुढचा सेट शनिवारी दुपारचा आहे, टूल त्यात लावते म्हणाली.

उद्यापासून ईपीचा दुसरा ट्रॅक. तो १३८ चा आहे, तिथे १६ बार २७.८ सेकंदांत संपतात आणि डीजेच्या हाताला वेळ कमी मिळतो. त्याचा आउट्रो ४८ ऐवजी ६४ बारांचा करून बघायचा, आणि त्याच्या १२ ऐवजी २० स्टेपच्या स्टॅबला समेवर आणणारी लांबी शोधायची. पाच बारांची फेरी आहे, म्हणजे ८० बार लागतील. एवढा लांब कळस त्या वेगात पेलतो का, ते लूप वाजत ठेवून ऐकायचं.